रक्तदाब, रक्तदान आणि रात्रीचे साडेदहा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आमच्या क्लबाचा सदस्य व्हायचं तर एक अर्ज भरावा लागतो. नाव, पत्ता, रक्तगट आणि व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात मी ‘ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबनीस’ असं लिहिलं. अध्यक्षांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “हिशेबनीस आपल्याकडे चार आहेत. तुम्ही कविता करता ना? मग ते लिहा.” तीस वर्षांच्या माझ्या काव्यसेवेला व्यवसायाचा दर्जा कुणी दिला असेल, तर तो मीरा-भाईंदरच्या या क्लबानं. मानधन शून्य. कामं मात्र भरपूर. मानपत्रं मी लिहायची, सूत्रसंचालन मी करायचं, फलकावरचा मजकूर माझा आणि पाहुणे उशिरा आले की तोवर सभा धरून ठेवण्यासाठी कविताही माझीच. पाहुणे नेहमीच उशिरा येतात. त्यामुळे माझ्या काही कविता भाईंदर पूर्वेत लोकांना तोंडपाठ आहेत, पण शेवटच्या कडव्याशिवाय. तेवढ्यात पाहुणे पोचलेले असतात.

असे क्लब म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कोट, टाय आणि हातातली चेकची मोठी प्रतिकृती येते. सुरुवात मात्र अगदी साधी होती. १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन मित्र जमवले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. मोठ्या शहरात ओळखीचं माणूस भेटत नाही, ही त्याची तक्रार. आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत जमायचं ठरलं, म्हणून नाव पडलं रोटरी. त्यांचं पहिलं मोठं सार्वजनिक काम कुठलं, तर शहरात सार्वजनिक शौचालयं व्हावीत म्हणून केलेली खटपट. हे मी आमच्या सभेत सांगितलं तेव्हा स्टेशनजवळ दुकान असलेले एक सदस्य उठून म्हणाले, “मग शंभर वर्षांत आपण फार पुढे गेलो नाही!” लायन्सची स्थापना १९१७ ची, तीही शिकागोचीच. विमा व्यवसायातल्या मेल्व्हिन जोन्स यांनी ती केली. आपल्या मुंबईनंही या बाबतीत स्वतःची भर घातली आहे. नाना चुडासमा यांनी १९७२ मध्ये जायंट्स ही संघटना इथेच सुरू केली. मरीन ड्राइव्हवर लागणारे त्यांचे मिश्किल फलक वाचत वाचत आमच्या पिढीनं नोकऱ्या केल्या. २०१८ मध्ये ते गेले. आणि आणखी मागे गेलं, तर आपल्या खेड्यांत ‘इर्जिक’ होतीच. एकाच्या शेतावर साऱ्यांनी राबायचं आणि दुपारी त्याच्याकडे जेवायचं. तिला ना घंटा होती, ना अध्यक्ष.

आमचा क्लब यांपैकी कुणाची शाखा नाही. घंटा आम्ही एकाकडून घेतली, दंडाची पेटी दुसऱ्याकडून, आणि जेवण इर्जिकीचं. दंडाच्या पेटीबद्दल सांगायला हवं. लायन्समध्ये ‘टेल ट्विस्टर’ नावाचा एक पदाधिकारी असतो. शब्दशः शेपूट पिरगाळणारा. सभासदांना गमतीनं दंड करून पैसे गोळा करणं हे त्याचं काम. आमच्याकडे ही जबाबदारी एका निवृत्त शाळामास्तरांकडे आहे. उशिरा आल्यास दहा रुपये, मोबाइल वाजल्यास वीस, भाषण चालू असताना झोपल्यास पन्नास. विरार गाडीतून भाईंदरला उतरता आलं नाही आणि नायगावला जाऊन परत यावं लागलं, तर दंड माफ, कारण ती शिक्षा माणसानं आधीच भोगलेली असते. घोरण्याचा दंड सर्वांत जास्त जमतो. त्यातून दरवर्षी जूनमध्ये वह्या येतात. कुठल्या वक्त्याच्या भाषणातून किती वह्या झाल्या, याचा हिशेब मास्तरांकडे आहे. नावं मात्र ते सांगत नाहीत.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत पाच लाख वीस हजार होती, २०११ मध्ये आठ लाख नऊ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख नवी माणसं! मिठागरांच्या कडेला इमारती उभ्या राहिल्या, आणि एका जिन्यावर मारवाडी, मंगळुरी, मालवणी, बिहारी, आमच्यासारखे कोकणी मुसलमान अशी बिऱ्हाडं आली. उत्तन-डोंगरीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. राई, मुर्धे, मोर्वे ही गावं तर जुनीच. पण शेजारच्या फ्लॅटचं आडनाव कळायला पाणी जावं लागतं. मग सगळे बादल्या घेऊन खाली उतरतात आणि ओळखी होतात. पॉल हॅरिसची तक्रार मला तरी परकी वाटली नाही.

आता उपक्रमांकडे वळतो. वृक्षारोपणावर फार बोलत नाही. एका वर्षी आम्ही मोठ्या थाटात तीस रोपं लावली. पुढे बकरी ईद होती. आसपासच्या सोसायट्यांत बकरे आलेले. आठ दिवसांत रोपांच्या फक्त काड्या उरल्या. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे! तेव्हा आमचे भांडीवाले शेठ पुढे आले. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांचा त्यांचा कारखाना, जातीनं जैन, मुंगी चुकवून पाऊल टाकणारे. ते म्हणाले, “जाऊ द्या शायर, झाड नाही तर नाही, बिचाऱ्या जिवानं शेवटचे आठ दिवस तरी पोटभर खाल्लं.” त्यांच्या या वाक्यावर हसायचं की गप्प बसायचं, हे सभेला ठरवता आलं नाही. पुढच्या वर्षी रोपांना त्यांनी स्वखर्चानं लोखंडी जाळ्या दिल्या.

नेत्रशिबिराची गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे. १९२५ मध्ये हेलन केलरनं लायन्सच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी लढणारे वीर व्हा, असं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम म्हणजे अशा क्लबांचं घरचं कार्य. आम्ही उत्तनला शिबिर भरवलं. डॉक्टरांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. पहिल्याच मावशी शाळेत गेलेल्या नव्हत्या. मग आकड्यांचा तक्ता लावला. त्या म्हणाल्या, आकडे मला नोटेवरचे कळतात, भिंतीवरचे नाही. शेवटी डॉक्टरांनी खिशातून दहाची, वीसची, पन्नासची अशा नोटा काढल्या आणि लांबून दाखवल्या. प्रत्येक नोट बरोबर! जवळचं मात्र दिसेना. जाळं दुरुस्त करायच्या सुईत दोरा जात नव्हता. चाळिशी ओलांडली की डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं, हे सगळ्यांचंच होतं. चष्मा लावला, सुई हातात दिली, दोरा गेला. मावशींनी तपासणीच्या मेजावरच जाळं विणून दाखवलं, आणि मागच्या रांगेत एकच हशा पिकला.

पण त्या दिवशी मोतीबिंदू सापडलेल्या अकरा जणांपैकी शस्त्रक्रियेला एकही आला नाही. गाडी ठरलेली, रुग्णालयात खाटा ठरलेल्या, आमचे सदस्य सकाळी सहाला उत्तन नाक्यावर उभे. कुणी फिरकेना. क्लबात चर्चा झाली. अडाणीपणा, भीती, अंधश्रद्धा, असे नेहमीचे शब्द निघाले. मास्तर म्हणाले, “अरे, विचारा तरी जाऊन!” विचारलं तर उत्तर सरळ होतं. जानेवारी चालू होता. होड्या समुद्रावर, घरोघरी बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले. डोळ्याला पट्टी लावून, धूळ आणि पाणी टाळून महिनाभर बसणार कोण? एक जूनपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. तेव्हा बोलवा, आम्ही येतो. जूनमध्ये बोलावलं. अकरापैकी नऊ आले. तेव्हापासून उत्तनच्या शस्त्रक्रिया पावसाळ्यात होतात. आमच्या कॅलेंडरवर तो नियमच झाला आहे.

पोलिओच्या रविवारांबद्दलही दोन शब्द. रोटरीनं १९८५ मध्ये जगभर हे काम हाती घेतलं, आणि आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ पासून सुरू झालं. स्टेशनबाहेरच्या बूथवर आमचे सदस्य मुलांना गोळा करून आणत. थेंब दिले की डाव्या करंगळीवर शाईची खूण व्हायची आणि हातात शिट्टी मिळायची. एका पोरानं करंगळी चोखून चोखून खूण पुसली आणि तीन बूथवर तीन शिट्ट्या मिळवल्या. जास्तीच्या थेंबांनी काही बिघडत नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं. शिट्ट्यांचं काय करायचं, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. काही घरांत दार उघडत नसे. या थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत, अशी अफवा तेव्हा फिरत होती. त्या दारांवर मला पुढे करत. मी सलाम करून सांगायचो की, माझ्या तिन्ही मुलांना हेच थेंब दिलेत, आणि नातवंडं झाली की पेढे घेऊन येईन. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडला, ती एक लहान मुलगी होती. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. नातवंडं झाली, आणि पेढे मी खरोखर दोन घरी पोचवले.

आता रक्ताकडे येतो, कारण आज मुख्यतः तेच सांगायचं आहे.

आमचं पहिलं रक्तदान शिबिर एका अक्षरानं गाजलं. फलकाचा मजकूर मी लिहून दिला होता, स्वच्छ अक्षरात. छपाई करणाऱ्या मुलाला मराठी येत नव्हतं. त्यानं ‘न’च्या जागी ‘ब’ टाकला, आणि भर चौकात फलक झळकला, ‘भव्य रक्तदाब शिबिर’. सकाळी नऊपासून आजी-आजोबांची रांग! तरुण एकही नाही. रक्तपेढीचे लोक पिशव्या घेऊन बसलेले आणि समोर सत्तरीचे आजोबा बाही वर करून विचारताहेत, “उपाशीपोटी यायचं होतं का हो?” आमच्या डॉक्टर बाई खमक्या. त्यांनी फलक तसाच ठेवला आणि रांगेतल्या सगळ्यांचा दाब मोजला. कितीतरी जणांना आपला दाब वाढलेला आहे, याचा पत्ताच नव्हता. हा आजार दुखत नाही, म्हणून कळत नाही. त्या दिवशी रक्त मिळालं फक्त सात पिशव्या. तेही आजोबांना सोडायला आलेल्या मुला-नातवांचं.

मग २०१८ चा मे महिना उजाडला. मे महिना रक्तपेढ्यांना नेहमीच अवघड जातो. महाविद्यालयं बंद, चाकरमाने कोकणात, उन्हामुळे शिबिरं कमी. रक्त साठवून तरी किती ठेवणार? लाल पेशी थंडाव्यात पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. म्हणजे मार्चचं दान मेच्या अखेरीस कामाचं नाही. आमच्या डॉक्टर बाईंच्या ओळखीत आठ वर्षांचा एक मुलगा होता. थॅलेसेमिया मेजर. या आजारात शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवू शकत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावं लागतं, आणि ते आयुष्यभर. रक्ताबरोबर शरीरात साठणारं लोह काढायला वेगळी औषधं. त्या मुलाची तारीख उलटून बारा दिवस झाले होते. वडील भांड्यांना पॉलिश करायच्या कामावर. एका रक्तपेढीतून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, हातात चिठ्ठी. मुलगा जिना चढताना दर तीन पायऱ्यांवर बसायचा.

सभा बोलावली. शिबिर घ्यायचं हे ठरलं, पण दाते कोण? मी म्हटलं, मीरा रोडला तरुणांची कमी नाही, आमच्या वस्तीत चला. तेव्हा बँकेतले एक साहेब म्हणाले, “अहो, पण तुमचा रमजान चालू होतोय.” खरंच होतं. त्या वर्षी रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, अशा माणसाचं रक्त घेणं कुठलाही डॉक्टर मान्य करणार नाही. क्षणभर शांतता पसरली. मग मी विचारलं, “शिबिर सकाळीच घ्यायचं, असं कुठे लिहिलंय?” सव्वासातच्या आत रोजा सुटतो. तरावीहची नमाज दहा-सव्वादहापर्यंत संपते. त्यानंतर आमच्या गल्ल्या खऱ्या जाग्या होतात. रात्री साडेदहाला शिबिर सुरू करू!

पंधरा मिनिटं गोंधळ झाला. रात्री कोण येणार, रक्तपेढीचे लोक कसे थांबणार, परवानगीचं काय, लाइट गेली तर? शेवटी मास्तरांनी घंटा वाजवली आणि म्हणाले, “उत्तनचे लोक जूनमध्ये येतात, मग हे रात्री येतील. त्यात एवढं काय?” आणि वाद घालणाऱ्या पाचही जणांना दहा-दहा रुपये दंड केला.

मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे मी गेलो. रोजा सुटल्यावर रक्त दिलं तर काही हरकत? ते म्हणाले, “रात्री काय हरकत? एक जीव वाचतो, पुण्यच आहे.” नमाजेनंतर त्यांनी स्वतः घोषणा केली आणि रांगेत पहिले येऊन उभे राहिले. सुई टोचून थेंब तपासला. हिमोग्लोबिन हवं साडेबारा, त्यांचं भरलं अकरा. तंत्रज्ञ मुलगी तिशीतलीही नसेल. ती म्हणाली, “चाचा, तुमचं नाही घेता येणार. पालेभाजी खा, खजूर खा.” मौलवीसाहेब बिथरले. “बेटी, मी महिनाभर लोकांना खजूर वाटतोय!” सगळी रांग हसली, तेही हसले आणि मग खुर्ची टाकून दारात बसले. पुढे जो मागे फिरायच्या विचारात दिसे, त्याला ते नुसते बघत. तो परत रांगेत येई.

अठरा ते पासष्ट वय, निदान पंचेचाळीस किलो वजन, ही चाळणी. वजनात बरेच पोरगे अडकले. एकानं खिशात दगड भरून काटा पंचेचाळीसवर आणला. बसताना ते खळ्ळकन पडले, म्हणून पकडला गेला. काय म्हणायचं त्याला? त्याला परत पाठवताना डॉक्टर बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पण त्या रात्रीचे खरे मानकरी शेठ. दात्याला रक्त दिल्यावर पाणी, फळं, बिस्किटं द्यावी लागतात आणि दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवावं लागतं. हे काम त्यांनी मागून घेतलं. आता गंमत अशी की, शेठ चौविहार पाळतात. म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. समोर रांगेत सूर्यास्तापर्यंत न खाणारे, आणि टेबलामागे सूर्यास्तानंतर न खाणारा! खजूर, केळी, सरबत ते स्वतःच्या हातानं देत होते. एका मुलानं आग्रह धरला, “अंकल, तुम्ही पण एक घ्या ना.” शेठ म्हणाले, “बेटा, माझा रोजा आत्ता चालू झाला.” पोराला वाटलं चेष्टा करताहेत. मी समजावून सांगितल्यावर तो उठून उभा राहिला आणि सरबताचा पेला टेबलाआड जाऊन प्यायला. त्यांच्यासमोर प्यायची त्याला लाज वाटली.

मुलाचे वडीलही आले होते. त्यांचं रक्त घेता येत नव्हतं. ते स्वतः थॅलेसेमिया मायनर, आणि हिमोग्लोबिन कमी. मायनर म्हणजे आजारी नव्हे, नुसते वाहक. पण आई-वडील दोघेही मायनर असले, तर प्रत्येक खेपेला मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक. हे त्यांना लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. एका साध्या रक्ततपासणीत ते कळतं. ते रात्रभर खुर्च्या उचलत होते, पाण्याचे जार आणत होते. कुणाशी बोलले नाहीत. एकदाच माझ्याजवळ आले आणि विचारलं, “साहेब, ही पिशवी त्यालाच मिळेल का?” तपासण्या होऊन, गट जुळवून त्याच्या गटाचं जे तयार असेल ते मिळेल, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं. ते म्हणाले, “चालेल. कुणाचंही चालेल.”

दीड वाजता बंद केलं तेव्हा त्रेचाळीस पिशव्या जमल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मुलाला रक्त चढलं. चौथ्या दिवशी तो जिना न बसता चढला, हे त्याच्या वडिलांनी फोन करून कळवलं. फोन सभा चालू असताना आला. मास्तरांनी माझ्याकडून वीस रुपये घेतले, मग कारण कळल्यावर परत दिले. पेटीतून परत दिलेले ते एकमेव पैसे.

त्यानंतर आम्ही कॉलेजातल्या मुलामुलींच्या थॅलेसेमिया तपासणीचं काम सुरू केलं. पत्रिका जुळवण्याआधी हा कागद जुळवा, असं शेठ आपल्या समाजाच्या मेळाव्यात सांगतात, आणि मी आमच्या निकाहांत. दोघांनाही थोडे टोमणे बसतात. मुलीच्या घरी ‘तपासणी’ हा शब्द अजून जड जातो, म्हणून आता आम्ही आधी मुलाचा कागद मागतो.

२०२० चा रमजान टाळेबंदीत गेला, तेव्हा शिबिर कसलं! पुढे पुन्हा सुरू झालं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तो आता मे महिना सोडून केव्हाच पुढे गेला आहे. रात्रीचं शिबिर मात्र मेमध्येच राहिलं. कारण लक्षात आलं की, चर्चगेटहून रात्री साडेनऊला घरी पोचणाऱ्या माणसालाही सकाळी रक्त द्यायला वेळ नसतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो. तो मुलगा आता कॉलेजात जातो. रक्त अजून दर तीन आठवड्यांनी लागतं. गेल्या शिबिरात नावं लिहून घ्यायला तोच बसला होता. अक्षर सुरेख आहे. फलकाचा मजकूर तपासायचं काम मी आता त्याच्याकडे दिलंय.

यंदाचं शिबिर मेच्या दुसऱ्या शनिवारी, रात्री साडेदहा ते दीड. मीरा-भाईंदरच्या श्रोत्यांनी जेवून यावं, पाणी भरपूर पिऊन यावं. खिशात दगड आणू नयेत.